हाताला हात लावून मालकीण

कंपनी माझी आहे हे मला सोडून सगळ्यांना माहीत होतं, असं यतीन म्हणतो. यतीन माझा नवरा. त्याला असली वाक्यं सुचतात, कारण तो दिवसभर एसीत बसतो आणि त्याच्या मांडीवर कुणी केळं चुरत नाही. मला जे काही सुचायचं ते कादंबरीच्या दुपारच्या झोपेत सुचवून घ्यावं लागतं. कादंबरी म्हणजे आमची अडीच वर्षांची मुलगी. कादंबरी झोपली की तिची आई कथा लिहायला बसते, हा विनोद इथल्या मराठी मंडळातल्या प्रत्येकाने एकेकदा करून झालेला आहे, तेव्हा तो आपण सोडून देऊ.

कंपनी पडद्यांची. दवाखान्यात दोन खाटांच्या मधून छताच्या रुळावर सरकतो ना, तो पडदा. दिसायला साधा, पण त्याच्या वरच्या हातभर भागाला जाळी लागते, कारण आग लागली तर छतातल्या फवाऱ्याचं पाणी आत पोचलं पाहिजे. कापड न पेटणारं लागतं. हे सगळं मला ठाऊक असायचं कारण असं की अमेरिकेच्या सैन्यात मी चार वर्षं गोदाम सांभाळलं. दहावी करून नागपूरहून आईवडिलांबरोबर टेक्सासला आले, आणि पुढे कॉलेजचा खर्च सैन्य देतं हे कळल्यावर सही करून मोकळी झाले. लोक विचारतात, बंदूक चालवली का. चालवली, पण त्याहून पुष्कळ जास्त ब्लँकेटं मोजली. कुवेतच्या वाळूत तंबूतल्या दवाखान्याला पडदे पुरवणारी मीच होते. ते किती वाईट शिवलेले असतात हे तिथेच माझ्या डोक्यात बसलं, आणि वाईट शिवण एकदा डोक्यात बसली की निघत नाही.

तर टेक्सासातल्या आमच्या फ्रिस्को गावात डोनटच्या दुकानाला लागून एक गाळा भाड्यानं घेतला, दोन मशिनं घेतली, रोझा आणि तिची बहीण अशा दोघींना शिवायला ठेवलं आणि कंपनी सुरू झाली. माजी सैनिकांच्या छोट्या धंद्यांसाठी सरकारी दवाखान्यांची काही कामं राखून ठेवलेली असतात. अट अशी की निम्म्याहून जास्त मालकी माजी सैनिकाची हवी आणि कारभार त्याच्याच हातात हवा. मालकीचं सोपं होतं. एक्कावन्न टक्के माझे, एकोणपन्नास यतीनचे. कारभाराचं म्हणाल, तर तो विषय कुणाच्या डोक्यातच आला नाही. आपल्याकडे कारभार असा कुणा एकाच्या हातात असतो का? तो घरात असतो, पाण्याच्या पिंपासारखा. ज्याला लागेल तो घेतो.

पण कंपनीची व्हिजिटिंग कार्डं छापायची वेळ आली तेव्हा आमच्या घरातलं लग्नपत्रिकेचं रक्त जागं झालं. पत्रिकेत आधी कुलदैवत, मग थोरली मंडळी, मग आईवडील, आणि ज्यांचं लग्न आहे ते बिचारे जागा उरली तर. माझे सासरे, शशिकांतराव, आम्ही बाबा म्हणतो, नणंदेनं ग्रीन कार्ड करून दिल्यापासून आमच्याकडे असतात. त्यांची उभी नोकरी सरकारी कचेरीत टेंडरं उघडण्यात गेली. अशा माणसाच्या वर आपलं नाव छापायचं कसं? म्हणून बाबा चेअरमन. मग सासूबाई, म्हणजे आई, म्हणाल्या, "बायकोच्या खाली नवऱ्याचं नाव बरं नाही गं दिसत. लोक काय म्हणतील?"

टेक्सासातले नेमके कोणते लोक, हे मी विचारलं नाही. यतीन प्रेसिडेंट झाला. उरलेली मी. माझ्या नावापुढे 'डायरेक्टर' छापलं, कशाची ते छापलं नाही. आईंनी स्वतःसाठी काहीच मागितलं नाही, कारण बिनकार्डाचे सगळे अधिकार त्यांच्याकडे आधीपासूनच होते. गाळ्यात एक मोठी फिरती खुर्ची आणली होती, ती बाबांच्या कंबरेला बरी पडते म्हणून त्यांना दिली. मी कापड बेतायच्या टेबलाशी घडीच्या खुर्चीवर, एका हातात कात्री, एका पायानं कादंबरीचा चेंडू अडवत. मला ह्यात काही खटकलं नाही. खरं सांगायचं तर बरं वाटत होतं. सगळे आपापल्या मानाच्या जागी बसलेत, पडदे शिवले जातायत, पोरगी खेळतेय.

आणि दोन हजार आठ साल उजाडलं.

तोवर 'आम्ही माजी सैनिक' असं आपलं आपण सांगितलं की भागत होतं. आता माजी सैनिकांच्या खात्यानं ठरवलं की सांगितलेलं आम्ही स्वतः तपासणार. कागद बघणार, फोन करणार, वेळ पडली तर घरी येऊन बघणार. ह्यात गैर काही नाही, मी त्यांच्या जागी असते तर हेच केलं असतं. फक्त ते आमच्या नेमक्या गरजेच्या वेळी आलं. पलीकडच्या गावात माजी सैनिकांसाठी नवा दवाखाना उभा राहत होता, आणि त्याच्या सगळ्या खोल्यांचे पडदे आमच्यासारख्यांसाठी राखीव होते. तपासणीत पास झालो तर बोली लावता येणार. नाही तर गाळ्याचा करार संपला की कुलूप, आणि रोझा आणि तिच्या बहिणीला दुसरं काम बघावं लागणार. त्या आठवड्यात रोझाची शिवण आणखी सरळ यायला लागली, आणि ते बघून मला जास्त वाईट वाटलं.

पहिला सल्ला शेजारच्या अतुलचा. अतुल बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. सरकारी कामाचा त्याचा अनुभव म्हणजे ड्रायव्हिंग लायसन्स, तेही दुसऱ्या खेपेला मिळालेलं.

"हे बघ हिमानी, हे सगळं इम्प्रेशनचं असतं यार," तो कुंपणावरून म्हणाला. "तू सरळ युनिफॉर्म घाल. माणूस आला की कडक सॅल्यूट. तिथेच अप्रूव्ह."

"सैन्य सोडून चार वर्षं झाली अतुल."

"सो व्हॉट? युनिफॉर्म एक्स्पायर होतो का?"

युनिफॉर्म एक्स्पायर होत नाही, पण बाळंतपणानंतर त्याची आणि आपली भेट अवघड होते. दार लावून मी घालून पाहिला. वरची दोन बटणं लागली, बाकीच्यांनी असहकार पुकारला. दाराबाहेरून आईंना सगळं कसं कळतं मला ठाऊक नाही, पण त्या म्हणाल्या, "बाजूनं कळ्या टाकून देऊ का गं? पडद्याचं कापड उरलंय." जिनं वाळवंटात सार्जंटची बोलणी ताठ मानेनं खाल्ली, तिच्या गणवेशाला दवाखान्याच्या पडद्याच्या कळ्या. मी तो पुन्हा खोक्यात भरला.

मग त्या खात्याचा फोन आला. मी कादंबरीला न्हाऊ घालत होते. डोळ्यात साबण गेल्यामुळे ती जे काही ओरडत होती त्यातून मला बाहेरचं एवढंच ऐकू आलं, "ओनर इज गिव्हिंग बाथ. आय ॲम चेअरमन. स्पीक."

पंचा खांद्यावर टाकून मी बाहेर येईपर्यंत बाबा त्या माणसाला सीलबंद लिफाफा कुठल्या बाजूनं फोडावा हे समजावत होते. त्यांनी फोन आनंदानं खाली ठेवला.

"मोठा सज्जन माणूस आहे," बाबा म्हणाले. "सगळं लिहून घेतलं त्यानं."

दुसऱ्या दिवशी त्या सज्जन माणसानं, त्यांचं नाव मिस्टर व्हिटलो, मला पुन्हा फोन केला. अर्जात सर्वोच्च अधिकारी तुम्ही आहात, फोनवर चेअरमन भेटले, आणि अर्जाला जोडलेल्या कार्डावर प्रेसिडेंट तिसराच आहे. येत्या बुधवारी मी स्वतः येतो. आवाज अगदी सौम्य होता. दाताचे डॉक्टर जास्त दुखणार असलं की असे बोलतात.

यतीननं त्याच संध्याकाळी राजीनामा दिला. फ्रिजसमोर उभं राहून म्हणाला, "घे, सोडलं प्रेसिडेंटपद. पगार नव्हता, पार्किंग नव्हतं. आता मी साधा माणूस."

"आणि बाबांना कोण सांगणार?"

त्याला तेवढ्यात ऑफिसचा कॉल आठवला.

आईंना विचारलं तर त्या पडद्यांना रुळात अडकवायचे आकडे शिवता शिवता म्हणाल्या, "दिलेला मान परत मागायचा म्हणजे, हिमानी, लग्नातला आहेर बाराव्या महिन्यात परत मागण्यासारखं आहे. माग, नको म्हणत नाही मी. पण मी त्या वेळी घरात नसेन."

म्हणजे मीच. ठरवून चहाच्या वेळी बाबांसमोर बसले. मनात वाक्य जुळवून ठेवलं होतं. 'बाबा, नियमाप्रमाणे चेअरमन मी असायला हवं.' अगदी सोपं वाक्य, अपमान नाही, आडपडदा नाही. बाबांनी कप खाली ठेवला, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, आणि मी विचारलं, "आलं जास्त झालं का हो चहात?"

"नाही, बेस आहे," बाबा म्हणाले.

तेव्हा मी दुसरा मार्ग घेतला, जो दुबळ्यांचा असतो आणि म्हणून फार गुंतागुंतीचा असतो. कंपनीच्या कागदांवर रीतसर बदल करून घेतले. नवी कार्डं छापली, त्यांवर एकच नाव. जुनी कार्डं जाळीच्या गठ्ठ्याखाली दडपली. बुधवारी सकाळी अतुल बाबांना देवळात घेऊन जाणार, तिथे महाप्रसाद असतो आणि बाबा महाप्रसाद अर्धवट सोडत नाहीत. ही योजना युद्धशास्त्राच्या दृष्टीनं निर्दोष होती. तिच्यात एकच कच्चा दुवा होता आणि तो 'डोन्ट वरी यार' म्हणत गाडी चालवत होता.

बुधवारी मिस्टर व्हिटलो वेळेवर आले. उंच, पिकलेले केस, हातात फाइल. मी गाळा दाखवत होते, कापड, जाळी, मशिनं. आई कोपऱ्यात आकडे लावत होत्या. यतीननं अर्धी सुट्टी घेतली होती आणि तो आपण साधा माणूस आहोत असं दिसायचा फार प्रयत्न करत होता. एवढ्यात दार उघडलं आणि बाबा आत आले.

"अतुलची मीटिंग निघाली," ते म्हणाले. "दर्शन झालं, प्रसाद राहिला." आणि सवयीनं जाऊन फिरत्या खुर्चीत बसले. मग पाहुण्यांकडे लक्ष गेलं तसं खिशातून कार्ड काढून त्यांना दिलं. जुनं. माणसानं गठ्ठा लपवावा, पण सासऱ्यांच्या शर्टाचा खिसा कोण तपासतं?

व्हिटलोंनी कार्ड वाचलं, माझ्याकडे बघितलं, आणि भिंतीकडे वळले. भिंतीवर उद्घाटनाच्या पूजेचा फोटो.

"ही पूजा कोण करतंय?" त्यांनी विचारलं.

"माझे मिस्टर," मी म्हटलं.

"आणि तुम्ही काय करताय?"

फोटोत मी यतीनच्या शेजारी पाटावर बसले आहे आणि माझी चार बोटं त्याच्या कोपरापाशी टेकली आहेत. आता हे इंग्रजीत कसं सांगायचं?

"मी हाताला हात लावलाय."

"कशासाठी?"

"म्हणजे पूजा ते करतात, पण पुण्य मलाही लागतं."

"किती?"

हा प्रश्न मला जन्मात कुणी विचारला नव्हता. खुर्चीतून बाबा अधिकारवाणीनं म्हणाले, "हाफ. स्क्रिप्चरमध्ये आहे."

व्हिटलोंनी फाइलमध्ये काहीतरी लिहिलं. "इथे निम्म्याहून जास्त लागतं," ते म्हणाले. ते थट्टा करत होते की नाही, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

मग प्रश्न सुरू झाले. रोझाला कामावर कुणी घेतलं? मी तोंड उघडायच्या आत बाबांनी मुलाखत कशी घ्यावी हे सांगितलं. कापडाचा पुरवठादार बदलायचा झाला तर कोण ठरवतं? यतीन म्हणाला, "आम्ही सगळे डिस्कस करतो," आणि लगेच जीभ चावली. एखादं काम अंगाबाहेर जातंय असं वाटलं तर नाही कोण म्हणतं? ह्यावर मात्र सगळ्यांच्या आधी माझ्याच तोंडून आपोआप निघालं, "ह्यांना विचारून सांगते."

चार वर्षं सैन्यात, अडीच वर्षं आई म्हणून, आणि पाठ झालेलं वाक्य हे.

व्हिटलोंनी फाइल हळूच मिटली. "मॅडम, मी तुम्हाला विचारलं होतं," ते म्हणाले. रागावून नाही. कीव आल्यासारखं. मागे रोझाचं मशीन थांबलं. तिला मराठी येत नाही, इंग्रजीही बेताचंच, पण मिटलेली फाइल सगळ्यांना कळते.

राग कधी कुठून येईल सांगता येत नाही. मला तो फाइलचा आला, कोपराला लावलेल्या त्या चार बोटांचा आला, चहातल्या आल्याचा आला. हे पडदे मी बेतलेत. ही जाळी कुठल्या मापाची, कुणाकडून, किती उशिरा आली तरी चालेल, हे ह्या खोलीत फक्त मला माहीत आहे. ताप आलेलं पोर कडेवर घेऊन मी हे कापड कापलंय.

"बाबा," मी मराठीत म्हटलं, "त्या खुर्चीवरून उठा."

बाबांनी इकडे तिकडे पाहिलं. अशा वाक्याचा मालक दुसरा कुणीतरी असणार असं त्यांना वाटलं असावं. "काय म्हणालीस?"

"उठा. ती खुर्ची मालकाची आहे. आणि चेअरमनही तुम्ही नाही. मी तुम्हाला काढलंय."

"कधीपासून?"

"कागदावर गेल्या आठवड्यापासून. तोंडी आत्ता."

बाबांचा चेहरा लाल झाला, पण त्यात अपमानापेक्षा व्यावसायिक धक्का जास्त होता. "असं काढता येत नाही," ते म्हणाले. "आधी कारणे दाखवा नोटीस लागते. मग माझा लेखी खुलासा. खुलासा समाधानकारक नसेल तर चौकशी. काही पद्धत आहे की नाही?"

"बाबा, ही कचेरी नाही. ही माझी कंपनी आहे."

हे वाक्य माझ्याच कानांनी पहिल्यांदा ऐकलं.

"मुदत तरी दे," बाबा म्हणाले. "महिनाभराची."

"साहेब समोर उभे आहेत."

"अहो, उठा ना," आई कोपऱ्यातून म्हणाल्या, सुईवरची नजर न काढता. "ती सांगतेय ना."

कादंबरीनं चेंडू टाकला, आजोबांसमोर जाऊन उभी राहिली आणि आम्ही तिला शिक्षा म्हणून कोपऱ्यात बसवताना म्हणतो त्याच सुरात म्हणाली, "आजोबा, टाइम आउट."

बाबा उठले. पेन खिशाला लावलं, चष्म्याची डबी घेतली, खुर्ची माझ्याकडे वळवून दिली आणि घडीच्या खुर्चीवर जाऊन बसले, नातीच्या शेजारी. ते सगळं त्यांनी नीट, चार्ज सोपवल्यासारखं केलं. मी बसले. खुर्ची माझ्यासाठी उंच होती, पाय लोंबकळत राहिले. तशाच लोंबत्या पायांनी मी मिस्टर व्हिटलोंना म्हटलं, "विचारा."

त्यांनी फाइल उघडली. रोझाला मी घेतलं, तिच्याकडून उलट्या कापडावर एक सरळ टीप मारून घेऊन. पुरवठादार मी बदलला आहे, आधीच्याची जाळी दुसऱ्या धुण्यात विरायची म्हणून. मोठं काम मी एकदा नाकारलं आहे, घरी कुणाला न सांगता, कारण तेवढ्या दिवसांत चांगले पडदे झालेच नसते. इथे यतीननं चमकून माझ्याकडे पाहिलं. नव्या दवाखान्याला पहिली खेप कधी, मशीन बिघडलं तर काय, पोर आजारी पडलं तर काय. सगळ्याची उत्तरं तयार होती. ती कधीचीच तयार होती, फक्त आजवर कुणी मला विचारलं नव्हतं आणि मीही मला विचारलं नव्हतं.

"मघाशी तुम्ही ह्या गृहस्थांशी काय बोललात?" शेवटी त्यांनी विचारलं.

"त्यांना पदावरून काढलं."

"ते तुमचे कोण?"

"सासरे."

व्हिटलोंनी पेन खाली ठेवलं आणि आमच्या एकेकाकडे बघितलं. त्यांनाही सासरे असावेत.

आम्ही सगळे त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेलो. पाहुण्यांना दारातूनच निरोप देणं आमच्यात बसत नाही, मग पाहुणा तपासायला आलेला का असेना. गाडीचं दार उघडता उघडता ते बाबांकडे वळले. "सर, तुमच्या मते इथे प्रमुख कोण?"

मी डोळे मिटून घेतले.

"आय हॅव बीन रिमूव्ह्ड," बाबा ताठ उभे राहून म्हणाले. "विदाउट नोटीस, विदाउट एन्क्वायरी. मी ह्याविरुद्ध अपील करणार आहे."

"कुणाकडे?"

बाबा विचारात पडले. उभ्या नोकरीत त्यांनी असा साहेब पाहिला नव्हता ज्याच्या वर दुसरा साहेब नाही. त्यांनी यतीनकडे पाहिलं, यतीन आकाशाकडे बघत होता. आईंकडे पाहिलं, त्या कादंबरीचं नाक पुसत होत्या. मग ते खरं तेच सांगणाऱ्या माणसासारखं, सावकाश म्हणाले, "तिच्याकडेच. तिच्या वर कुणी नाही."

व्हिटलोंनी फाइल गाडीच्या टपावर ठेवली आणि ते वाक्य बाबांना पुन्हा सांगायला लावून शब्दन् शब्द लिहून घेतलं.

मंजुरी आली. बोली लावली आहे, आणि जे होईल ते आमच्या शिवणीवर होईल, कागदावर नाही. रोझा नव्या मापाची जाळी कापतेय. बाबा आता रोज गाळ्यात येऊन लिफाफे बघतात, बिनपदाचे, आणि चारच्या चहाला न चुकता विचारतात, "माझ्या अपिलाचं काय झालं?"

"विचाराधीन आहे," मी खुर्चीतून सांगते.

ते समाधानानं मान हलवतात. म्हणतात, आता कुठे ही कचेरी वाटायला लागली.